दाजूच्या रेडिएशनसाठी पैसे जमवतोय. सल्ला हवा आहे (पैसे नकोत)

उद्यमबागी – ११ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं मी वाचतो जास्त, लिहितो कमी. आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत मशिन शॉपला आहे. आमच्या गेटवर चौदा वर्षं एक नेपाळी माणूस रात्रपाळीला होता. वय आता ४७. सगळे त्याला दाजू म्हणतात. तिकडं दाजू म्हणजे थोरला भाऊ, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही ते नावच समजत होतो. गाव पश्चिम नेपाळात अछाम जिल्ह्यात.

वॉचमन आणि कामगार अशी आमची ओळख राहिली नाही. नाईटला असलो की दोनच्या चहाला मी गेटवर. तिथं काँक्रीटवर खडूनं पट आखून ठेवलेला असायचा. बाघचाल. आपल्याकडं वाघबकरी म्हणतात त्यातलाच प्रकार, चार वाघ आणि वीस शेळ्या. वाघांना नट, शेळ्यांना वॉशर. दाजू कायम शेळ्या घ्यायचा आणि मला चारी बाजूंनी कोंडून मारायचा. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावात पाणी भरलं, तेव्हा मी कारखान्यात अडकलो होतो. हा माणूस कंबरभर पाण्यातून चालत आमच्या घरी गेला आणि माझ्या वडिलांना पाठुंगळी घेऊन माडीवर ठेवून आला. मी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्याचं तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. गालात आतून जखम. आम्ही समजलो दाढ आली. त्यानं दाढ काढून घेतली, गोळ्या खाल्ल्या, तीन महिने गेले. पुडी खायची सवय होती, खोटं कशाला बोलू. मीही त्याला आणून द्यायचो. दशैंला (त्यांचा दसरा) गावी गेला तो परत आलाच नाही. नोव्हेंबरात धनगढीला तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. तिथून चितवनला, भरतपूरच्या बी. पी. कोइराला कॅन्सर हॉस्पिटलात. २४ डिसेंबरला ऑपरेशन झालं. गाल, जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. ऑपरेशनला त्याचं होतं नव्हतं ते गेलं, वर सावकाराचं दीड लाख नेपाळी झालं.

आता रेडिएशन. ३३ सिटिंग आणि आठवड्याला एक केमो. रक्त तपासण्या, औषधं, नवराबायकोचं राहणं-खाणं धरून त्यांचा अंदाज ३ लाख २० हजार नेपाळी, म्हणजे आपले २ लाख. (१ भारतीय रुपया = १.६० नेपाळी. हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे, हलत नाही.) डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. म्हणजे ४ फेब्रुवारी. हातात २४ दिवस.

जमवायला मी तयार आहे. आमच्या शॉपमधली पोरं एक दिवसाची हजेरी देतो म्हणाल्यात. पण कुठल्या खात्यावर घ्यायचं, नेपाळला कसं पाठवायचं, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं, यातलं काही कळत नाही. कुणी केलंय का असं?

---

मंजिरी_टिळकवाडी – १२ जानेवारी, सकाळी ७:०५

वाचून फार वाईट वाटलं. एक सुचवते. त्यांचा ऑपरेशननंतरचा फोटो आणि ही पुराची गोष्ट एकत्र टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवा. फोटोशिवाय लोक थांबत नाहीत हो, अंगठा वर सरकवतात. आमच्या सोसायटीत एका बाळासाठी असंच केलं होतं, दोन दिवसांत रक्कम उभी राहिली.

परखड – १२ जानेवारी, सकाळी ९:३०

सरळ विचारतो, राग मानू नका. आपल्याच सीमाभागात शेकड्यानं गरीब पेशंट आहेत. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात जन्म काढलेल्या बायका आहेत. त्यांना सोडून नेपाळातल्या वॉचमनसाठी एवढी उठाठेव का? त्यांचं सरकार काय करतं?

निपाणकर – १२ जानेवारी, सकाळी १०:१२

परखड, निपाणीच्या बायका वादात मुद्दा म्हणून तेवढ्या आठवतात सगळ्यांना. माझी आई वखारीत होती. १९८१ च्या तंबाखूच्या आंदोलनात महामार्गावर बसलेल्यांतली. तिच्या खोकल्यासाठी तुम्ही काय पाठवलंत ते सांगा, मग दाजूचं बघू.

उद्यमबागी, मित्र आहे म्हणून करताय, एवढं कारण पुरे. कुणाला खुलासा देत बसू नका.

उद्यमबागी – १२ जानेवारी, दुपारी १:२०

@मंजिरी, फोटोचं मी दाजूला विचारलं. बोलता येत नाही, टाइप करतो. त्यानं लिहिलं, "फोटो टाकू नको. पोरीचं लग्न ठरायचंय." विषय संपला.

@परखड, त्यांचं सरकार देतं. विपन्न नागरिक म्हणून दाखला मिळाला की कॅन्सरला १ लाख नेपाळीपर्यंतचा उपचार फुकट. म्हणजे आपले ६२,५००. पण त्याला गावच्या वडा (वॉर्ड) कार्यालयाची सिफारिस लागते आणि गाव अछामात, हॉस्पिटल चितवनात. थोरला मुलगा कागद आणायला गेलाय. ते धरलं तर मला २,२०,००० नेपाळी, आपले १,३७,५०० जमवायचे आहेत.

चंदगडी_माणूस – १२ जानेवारी, दुपारी २:४५

इकडंच आणा की त्याला. आमच्या चंदगडातला पेशंट बेळगावला येतो, बेळगावचा कोल्हापूरला जातो, कोल्हापूरचा मुंबईला टाटाला. २०२३ ला महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं होतं, त्यात काही बसतं का बघा.

उद्यमबागी – १२ जानेवारी, दुपारी ३:३०

ती योजना ८६५ गावांतल्या मराठी माणसांसाठी. हा अछामचा. कर्नाटकाच्या योजनेला इथलं रेशन कार्ड लागतं, तेही त्याच्याकडं नाही. १९५० च्या करारामुळं नेपाळी माणूस इथं राहू शकतो, काम करू शकतो, पण आजारी पडला की कार्ड मागतात. शिवाय ऑपरेशन तिथं झालंय, बायको तिथं. ओल्या टाक्यांनी चार दिवसांचा प्रवास करायला लावून इथं पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं करायचं, हे मला पटत नाही.

टवाळ_बेळगावकर – १२ जानेवारी, दुपारी ४:०२

आमच्यासाठी दोन राज्यं भांडूलाल्यात आणि दाजूला एकही घेईना. नशीबवान म्हणायचे की आम्ही!

हिशोबनीस – १२ जानेवारी, रात्री ९:१५

पेशानं सीए आहे, म्हणून कोरडं लिहितो.

तुमच्या पगाराच्या खात्यावर घेऊ नका. पगार, घरहप्ता आणि मदत एकाच पासबुकात मिसळली की तीन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच लागणार नाही. शिवाय अनोळखी लोकांकडून धडाधड यूपीआय यायला लागले आणि त्यातला एखादा पैसा भलत्या भानगडीतला निघाला, तर बँक खातं गोठवते. मग तुमचा हप्ताही अडकतो. दोघांच्या नावावर वेगळं बचत खातं काढा, ते फक्त यासाठी. दुसरा माणूस असा घ्या, जो तुमच्याशी भांडू शकतो.

करसवलतीचं कुणाला आश्वासन देऊ नका. ८०जी ची पावती नोंदणी झालेल्या संस्थाच देऊ शकतात, व्यक्तीला केलेल्या मदतीवर ती मिळत नाही. आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० च्या वर पैसे आले, तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. म्हणून हे पैसे तुमचे नाहीत, तुम्ही फक्त पुढं पाठवताय, हे कागदावर दिसलं पाहिजे. कुणाकडून किती आले, कधी पाठवले, तिकडं कशाला लागले. एक वही, एक फाइल.

आता एक प्रश्न. चौदा वर्षं कारखान्यात होता म्हणता. कामगारांचा आरोग्य विमा, म्हणजे ईएसआय, होतं का?

उद्यमबागी – १२ जानेवारी, रात्री १०:५०

नाही. ठेकेदाराचा माणूस होता.

हिशोबनीस – १२ जानेवारी, रात्री ११:०५

ठेकेदाराचा असला म्हणून काय? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१,००० पर्यंत पगाराच्या प्रत्येकाला ईएसआय लागू आहे. ठेकेदारानं नाही भरलं तर मूळ मालकावर येतं. नेपाळी असण्याचा काही संबंध नाही. भरलं असतं तर कॅन्सरचा उपचार त्यात बसला असता आणि तुम्हाला हा धागा काढावा लागला नसता.

उद्यमबागी – १३ जानेवारी, सकाळी ६:३०

रात्रभर झोप नाही. चौदा वर्षं मी त्याच्यासोबत चहा पितोय, माझ्या पगारातून दर महिन्याला ईएसआय कापलं जातं, आणि तुझं कापतात का, असं एकदाही विचारलं नाही.

सुई_दोरा – १३ जानेवारी, दुपारी १२:१०

रेडिओथेरपी विभागात बरीच वर्षं काम केलंय. पैशाचं तुम्ही बघालच, मी बाकीचं सांगते, कारण यातल्या चुकांनीच खर्च वाढतो.

सिटिंग सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवलं का, ते विचारा. किडलेले दात आधीच काढायचे, आणि काढल्यावर जखम भरायला दहा-पंधरा दिवस द्यावे लागतात. सहा आठवड्यांच्या मुदतीतून हे दिवस वजा होतात. रेडिएशननंतर दात काढायची वेळ आली, तर जबड्याचं हाड सडायची भीती असते.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून निघेल. "आता बास, घरी जातो" असं पेशंट याच वेळी म्हणतो. त्या दिवसांत कुणीतरी रोज फोन करणारं हवं. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या. नाकातून नळी घातली तर घाबरू नका, वजन टिकणं महत्त्वाचं. सिटिंग आठवड्याला पाच, मध्ये खाडा नको. खाडे पडले की उपचाराचा जोर कमी होतो.

आणि तोंड उघडायचा व्यायाम. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. साधनाला खर्च शून्य. कंटाळा मात्र भरपूर.

उद्यमबागी – १३ जानेवारी, दुपारी १:०५

दातांचं कुणालाच माहीत नव्हतं. लगेच फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी ८ जानेवारीलाच दोन दात काढलेत म्हणे, वहिनी सांगायचं विसरल्या. हुश्श.

काठमांडूकर_सध्या – १३ जानेवारी, रात्री ८:४०

मूळचा खानापूरचा, कामानिमित्त नेपाळात आहे. पैसे पाठवायचं सांगतो.

परदेशात कुणी शिकायला असलं तर आपण डॉलरमध्ये पाठवतो, तसं नेपाळला चालत नाही, रुपयातच जातात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा आहे, २००८ पासून. एनईएफटीच्या वाटेनं जातं आणि इकडं नेपाळ एसबीआय बँकेमार्फत नेपाळी रुपयात मिळतं. पूर्वी एका वेळी ५०,००० ची मर्यादा होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवलं तर २ लाखांपर्यंत जातं. रोख भरायचं तर अजून ५०,०००च, आणि वर्षातून बारा वेळा. तेव्हा खात्यातून पाठवा. वहिनींच्या नावावर खातं आहे ना ते बघा. खात्यावरचं नाव आणि त्यांच्या नागरिकतेच्या कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

हुंडीवाला (बँकेबाहेरून पैसे पोचवणारा) गाठू नका. स्वस्त पडतो, लवकर पोचवतो, आणि बुडवला तर तक्रार करायला जागा नाही.

धागापाल – १३ जानेवारी, रात्री ९:००

चर्चा चांगली चालली आहे. खाते क्रमांक आणि यूपीआय आयडी कृपया धाग्यावर देऊ नयेत. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी धागाकर्त्याला निरोप पाठवावा.

उद्यमबागी – १७ जानेवारी, रात्री १०:३०

चार दिवसांची हकीकत.

संयुक्त खातं काढलं. दुसरा सहीवाला आमच्या पॅटर्न शॉपमधला, कन्नड माणूस. हिशोबनीसांनी सांगितलं तसा, माझ्याशी भांडणारा. नोटीसबोर्डवर लावायला निवेदन मराठीत मी लिहिलं, कन्नडमध्ये त्यानं. वर कुठलं आणि खाली कुठलं यावर अर्धा तास गेला. शेवटी दोन कागद शेजारी शेजारी लावले.

मालकांकडं गेलो. ईएसआयचं काढल्यावर पंखा बघत बसले. मग म्हणाले, ठेकेदार बदललाय, जुनं काही उकरू नका. २५,००० चा चेक दिला. मी घेतला. घ्यायला नको होता असंही वाटतं. घेतला.

बँकेत गेलो. कुठल्या ते सांगत नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, नेपाळला पैसे जात नाहीत. मी म्हटलं, जातात. ती म्हणाली, सिस्टीममध्ये नाही. दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रिंट काढून नेली. मॅनेजरनं चष्मा लावून वाचलं, कुणाला तरी फोन केला आणि म्हणाला, "होय की, आहे." पहिले ७५,००० गेले. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या खात्यावर १,२०,००० नेपाळी जमा.

टवाळ_बेळगावकर – १७ जानेवारी, रात्री १०:५५

दोन कागद शेजारी शेजारी! इतक्या वर्षांच्या सीमावादावर उद्यमबागेत अर्ध्या तासात तोडगा. दिल्लीला कळवा की रे कुणीतरी.

उद्यमबागी – २ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आज पहिलं सिटिंग झालं. मुदतीच्या दोन दिवस आधी. मुलगा सिफारिस घेऊन पोचला, विपन्नचं मंजूर झालं. चेहऱ्याचा प्लॅस्टिकचा साचा करतात, तो बांधून टेबलावर झोपवतात. दाजूनं लिहिलंय, "तुमच्या फाउंड्रीसारखं, आधी मोल्ड मग काम."

उद्यमबागी – ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

अडचण आलीय, लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी पैसे दिले त्यातले काहीजण इथं वाचतात.

हॉस्पिटलच्या पावत्यांचे फोटो मुलगा पाठवतो, ते मी फाइलला लावतो. पहिल्या हप्त्याचा मेळ बसेना. ४०,००० नेपाळी कमी. मुलाला विचारलं तर गप्प. शेवटी वहिनींचा व्हॉइस मेसेज आला, मोडक्या हिंदीत. ते पैसे सावकाराला दिले. शेकडा तीननं व्याज चाललंय, जमिनीचा लालपुर्जा (मालकीचा कागद) त्याच्याकडं गहाण. माघ संपायच्या आत काही दिलं नसतं तर तो जमीन नावावर करून घेणार होता. मला विचारायचं होतं, पण विचारलं तर मी नको म्हणेन असं त्यांना वाटलं. राहायची खोली सोडून त्या आता धर्मशाळेत आहेत, तेवढं भाडं वाचवून सिटिंग चालू आहेत. एकही चुकलेलं नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला राग आला. सगळ्यांना सांगून बसलो होतो, पै पै उपचाराला जाणार म्हणून. आता काय सांगू?

परखड – १० फेब्रुवारी, सकाळी ८:१५

मी ३,००० दिले होते. होय, दिले होते, निपाणकरांनी बोल लावल्यावर. ते कॅन्सरसाठी दिले होते, सावकारासाठी नाही. पुढचा हप्ता थेट हॉस्पिटलात भरायची सोय होत असेल तर ठीक, नाहीतर थांबवा.

मंजिरी_टिळकवाडी – १० फेब्रुवारी, सकाळी ९:५०

मला वाटतं परखड यांचं बरोबर आहे. आमच्या भिशीनं १५,००० दिले, मी शब्द टाकला म्हणून. आता बायका विचारतील. ती बाई खोटं बोलली असं मी म्हणत नाही. पण सांगायला हवं होतं.

निपाणकर – १० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

जमीन गेली असती तर बरा होऊन माणूस कुठं जाणार होता? उद्यमबागेच्या गेटवर? अर्धा जबडा घेऊन?

आमच्या घरातलं सांगतो. वडिलांच्या आजारपणात गावानं वर्गणी काढली आणि पंचांनी ठरवलं, पैसे आमच्या हातात द्यायचे नाहीत, औषध दुकानात भरायचे. औषधं मिळाली. घरात पीठ नव्हतं. आई औषधाच्या दुकानदाराला म्हणाली, थोडं कमी द्या, उरलेले पैसे हातात द्या. तो म्हणाला, असं करता येत नाही, पंच विचारतील. ती बाहेर पायरीवर बसली होती ते मला अजून दिसतं.

हिशोबनीस – १० फेब्रुवारी, दुपारी २:००

दोन गोष्टी वेगळ्या करा. देणाऱ्याला हिशोब मिळालाच पाहिजे, यात तडजोड नाही. उद्यमबागींनी तो दिला, तोही स्वतःला अडचणीचा असताना. माझ्या पाहण्यात बहुतेक वर्गण्या या जागी गप्प होतात, आणि मग वर्षभरानं भांडण निघतं.

पैसा कशाला वापरायचा हे कुणी ठरवायचं, हा दुसरा प्रश्न. ऑपरेशनचं कर्ज हा उपचाराचाच खर्च आहे, फक्त मागच्या तारखेचा. माझ्या वहीत मी तो त्याच खात्यावर टाकीन. ज्यांना पटत नाही त्यांची रक्कम परत करायची तयारी ठेवा आणि तसं स्पष्ट विचारा.

सुई_दोरा – १० फेब्रुवारी, दुपारी ४:२०

पेशंट मधेच उपचार सोडतात, त्यामागं दर वेळी औषधाचा खर्च नसतो. घरची म्हैस विकायला निघालेली असते, मुलाची फी असते, सावकार दारात असतो. सिटिंगचे पैसे भरलेले असून निघून गेलेले पेशंट मी बघितलेत. या बाईनं सिटिंग चुकू दिलं नाही. मला तेवढं कळतं.

उद्यमबागी – ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

काल रात्री गेटवर जाऊन बसलो. नवीन वॉचमन आहे, बिहारचा पोरगा. खडूचा पट पुसट झालाय.

विचार केला तो असा. दाजू माझ्या वडिलांना पाठीवर घेऊन गेला तेव्हा मी त्याला, कुठल्या वाटेनं नेलंस, असं विचारलं नव्हतं. मग वहिनींना मी का विचारतोय? मला वाटतं, लोकांसमोर माझी मान वर राहावी म्हणून.

तर असं केलंय. ४०,००० नेपाळी म्हणजे आपले बरोबर २५,०००. मालकांचा चेकही २५,००० चा. वहीत लिहिलं की सावकाराचे पैसे मालकांच्या चेकमधून गेले. ते तसेही मदत नव्हतेच, चौदा वर्षांची बाकी होती. बाकी प्रत्येकाचा रुपया सिटिंग, केमो आणि औषधाला. सहीवाल्या मित्रानं आधी हुज्जत घातली, हा हिशोब झाला की चलाखी म्हणून. मग सही केली.

तरीही ज्यांना परत हवे असतील त्यांनी निरोप करा. परत देईन.

परखड – ११ फेब्रुवारी, रात्री १०:४०

असू द्या. पुढचा हप्ता पाठवा.

मंजिरी_टिळकवाडी – १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

भिशीत सगळं वाचून दाखवलं. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "शहाणी आहे बाई." परत कुणी मागितले नाहीत.

उद्यमबागी – २४ फेब्रुवारी, रात्री ११:००

दुसरा हप्ता ६२,५०० गेला. पण तब्येतीचं बरं नाही. तोंड आतून पूर्ण सोललंय, नळी घातलीय, वजन सात किलो उतरलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्यानं या आठवड्याची केमो पुढं ढकललीय. दाजूनं काल लिहिलं, "भाई, बास. घरी जातो." सुई_दोरा, तुम्ही तिसरा आठवडा म्हणाला होता. तिसरा संपून चौथा लागलाय.

सुई_दोरा – २४ फेब्रुवारी, रात्री ११:२५

केमो पुढं गेली तरी चालेल, सिटिंग सोडू नका म्हणावं. वेदनेचं औषध कमी पडतंय का, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारायला सांगा. आपले पेशंट "किती दुखतं?" असं विचारलं की "ठीक आहे" म्हणतात. आणि त्याला आता उपदेश नको. त्याच्याशी दुसरंच काहीतरी बोला.

उद्यमबागी – २५ फेब्रुवारी, रात्री ११:५०

दुसरंच बोललो. कागदावर पट आखला, फोटो पाठवला आणि लिहिलं, वाघ माझे, तुझी पहिली चाल. दोन तास काही नाही. मग आलं, "शेळी खालच्या ओळीत, मधोमध."

आता रोज रात्री एक डाव खेळायचं ठरलंय. आमच्या शॉपमधली पोरं चाली सुचवतात. मी हरतोय.

निपाणकर – २६ फेब्रुवारी, सकाळी ८:००

वाघ बदलून बघा. 🙂

उद्यमबागी – १८ मार्च, रात्री ९:३०

तेहतिसावं सिटिंग झालं. संपलं.

हिशोब: शॉपमधली एक दिवसाची हजेरी ३८,६००. मालक २५,०००. मी आणि चार मित्र ५०,०००. भिशी १५,०००. इथले आणि बाहेरचे सुटे १९,४००. एकूण १,४८,०००. गेले १,३७,५००. खात्यावर शिल्लक १०,५००. पहिलं वर्षभर दर एक-दोन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय, ते यातून जाईल. पावत्यांची फाइल माझ्याकडं आहे, कुणीही येऊन बघावी. सावकाराचं अजून १,१०,००० नेपाळी बाकी आहे. त्यासाठी मी नवीन धागा काढणार नाही. मुलगा आता पुण्याला कामाला लागलाय, तो फेडतो म्हणतो. त्याला पहिल्याच दिवशी बजावलंय, ईएसआय कापतात का विचार.

आमच्या गेटवरच्या बिहारच्या पोराचं विचारलं. त्याचंही कापत नव्हतं. आता आम्ही अकराजण सही करून अर्ज दिलाय. बघू.

हिशोबनीस – १८ मार्च, रात्री ९:५०

अर्जाच्या प्रतीवर पोच घेतलीत ना? शिक्का मारून घ्या.

उद्यमबागी – १८ मार्च, रात्री १०:०५

घेतली. 🙂

एक राहिलं. गोडाधोडाचं काही हवं का, असं विचारलं दाजूला. मुलाचा एक मित्र पुढच्या आठवड्यात गावी निघालाय, त्याच्याबरोबर पाठवता येईल. नळी काढलीय, पातळ जातं, तोंड तीन काड्यांएवढं उघडतं. त्यानं लिहिलंय, "कुंदा. चावावा लागत नाही." चार दिवस टिकेल का तो?

मंजिरी_टिळकवाडी – १८ मार्च, रात्री १०:२०

साधा नका घेऊ, दुधाचा असतो, या उन्हात तिसऱ्या दिवशी वास येईल. जास्त भाजलेला, लालसर, कोरडा मागा. आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करू नका, घाम सुटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात बटरपेपर घालून.

सुई_दोरा – १८ मार्च, रात्री १०:३५

कोरडा त्याला गिळायला जड जाईल. लाळ सुटत नसते या दिवसांत. वहिनींना सांगा, कोमट दुधात कालवून पातळ करून द्यायचा, चमच्या-चमच्यानं. आणि खाऊन झाल्यावर गुळणी.

टवाळ_बेळगावकर – १८ मार्च, रात्री १०:४१

अर्धा किलो माझ्याकडून. खोकं उद्या गेटवर आणून देतो. नाईटला कोण आहे?